सिगारेट-तंबाखू सोडवणाऱ्या मेसेजमध्ये 14416 घालावा का?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. विषय जड आहे, पण इथं सातारा-सांगलीकडचे बरेच जण आहेत आणि त्यातले निम्मे तरी कधी ना कधी ओढलेले नाहीतर चघळलेले आहेत, म्हणून इथंच विचारते.

कराडच्या बाजूला एका साखर कारखान्यातल्या कामगारांसाठी 'तंबाखू सोडा' मेसेजचं काम माझ्याकडे आलंय. मजकूर मी लिहायचा, पाठवायचं काम एका एजन्सीचं. कामगारानं नाव नोंदवलं आणि सोडायची तारीख ठरवली की रोज मेसेज जाणार. आधी तयारीचे, मग दोनेक महिने आधाराचे. तलफ आली की पाणी प्या, पाच मिनिटं थांबा, टपरीचा रस्ता टाळा, वाचलेले पैसे बाजूला काढा... हा साचा तुम्हाला माहीत असेल.

पहिल्या आठवड्यासाठी लिहिलं, 'चिडचिड होईल, झोप उडेल, उदास वाटेल. थोडे दिवस सोसा.' आणि मनात आलं, एखाद्याचं उदासपण थोड्या दिवसांत गेलंच नाही तर? म्हणून एक मेसेज वाढवला, की जगणं नकोसं वाटायला लागलं तर 14416 ला, म्हणजे मन खचलं तर बोलायच्या सरकारी नंबरला, फोन करा. कारखान्यातल्या साहेबांनी नेमका तोच खोडला. म्हणाले, "मॅडम, माणूस विडी सोडायला आलाय. त्याच्या डोक्यात नसतं ते कशाला घालता?"

मी अडून बसू का सोडून देऊ? आणि अडायचंच तर मेसेज लिहायचा कसा? कुणी असे मेसेज घेतले असतील तर तेही सांगा.

भडंग_स्पेशल
मला रोज तीन मेसेज येतात. एक म्हणतो कर्ज घ्या, दुसरा म्हणतो कर्ज फेडा, तिसरा म्हणतो तुमचा डेटा संपला. चौथा कुणी 'कसं वाटतंय' विचारणारा आला तर मी रडेनच बहुतेक.

अजिंक्यतारा_पायथा
साहेबांचं बरोबर आहे असं माझं मत. मी स्वतः केंद्र सरकारच्या त्या मिस्ड कॉलवाल्या कार्यक्रमात होतो, 2016 मध्ये सुरू झालेला, 011-22901701. मेसेजनं सिगारेट सुटली असं म्हणणार नाही. पण जेवणानंतर चप्पल पायात घालायची वेळ आणि फोन वाजायची वेळ कधीकधी जुळायची, आणि तेवढ्यानं चप्पल निघायची. हलकंफुलकं असायचं म्हणून वाचायचो. त्यात कुणी मरणाबिरणाचं लिहिलं असतं तर पहिल्याच दिवशी ब्लॉक केलं असतं. पाकिटावर सडलेला गळा छापलेला असतो तो काय कमी आहे?

द्राक्षवाला
@अजिंक्यतारा, गळ्याचं चित्र बघून कुणी सोडली का सांगा. आमच्याकडं पोरं चित्र दुसरीकडं वळवून पाकीट खिशात घालतात.

मिरजेचा_डॉक्टर
मी मानसोपचाराचं काम करतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी साहेबांच्या शंकेबद्दल. आत्महत्येबद्दल विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती फार जुनी आहे आणि अभ्यासांमधून तिला आधार मिळालेला नाही. उलट थेट विचारलं की माणसाला सुटल्यासारखं होतं. ओपीडीत मी रोज विचारतो. अजून एकही पेशंट 'बरी आठवण केलीत' म्हणालेला नाही. 'कुणीतरी विचारलं' म्हणणारे मात्र भेटतात.

दुसरं, निकोटीन सुटताना काय होतं ते. पहिल्या दिवसापासून चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं, झोप मोडणं, भूक वाढणं, मन उतरणं सुरू होतं. पहिल्या आठवड्यात जोर असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांचं ओसरतं. त्यानंतर बहुतेकांचं मन सिगारेट ओढत होते त्या काळापेक्षा बरं राहतं. 2014 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता, त्यात सोडणाऱ्यांमध्ये नैराश्य, काळजी आणि ताण कमी झालेले दिसले. तेव्हा 'सिगारेट सोडल्यानं माणूस आत्महत्या करतो' असा अर्थ कुणी काढू नये. कुणाला ओढत राहायला नवं निमित्त नको.

पण ओढणाऱ्यांमध्ये मुळातच आत्महत्येचं प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त सापडतं. सिगारेट हेच कारण असं छातीठोक म्हणता येत नाही, कारण नैराश्य, दारू, कर्ज, एकटेपणा हे सगळं तिच्याबरोबरच नांदत असतं. तुम्ही शंभर ओढणाऱ्यांना मेसेज पाठवता तेव्हा त्यात आधीच खचलेली काही माणसं असणार. तुमच्या मेसेजनं ती खचत नाहीत, पण तुमचा मेसेज त्यांच्या हातात पडतो. त्यांच्याशी तेवढ्यापुरतं बोलणारं दुसरं कुणी नसेलही.

म्हणून माझं मत: घालाच.

अजिंक्यतारा_पायथा
डॉक्टर, मग ते गोळ्यांचं काय? सिगारेट सोडायच्या गोळीनं माणसं वेडीवाकडी वागतात असं वाचलं होतं. माझ्या मेव्हण्याला डॉक्टरांनी लिहून दिली होती, बहिणीनं ती घेऊच दिली नाही.

मिरजेचा_डॉक्टर
व्हरेनिक्लिन म्हणताय तुम्ही. 2009 मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं त्या गोळीवर आणि बुप्रोपिऑन या सोडण्यासाठीच्या दुसऱ्या गोळीवर मोठी इशारावजा चौकट छापायला लावली होती. मग त्यांनीच मोठी चाचणी करायला लावली. आठ हजारांवर माणसं होती, निम्म्यांना आधीपासून मानसिक आजार होता. 2016 मध्ये निकाल आला. निकोटीनची पट्टी किंवा औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा मानसिक त्रासाचं प्रमाण लक्षणीय वाढलेलं दिसलं नाही, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चौकट काढली. बातमी चौकट लागल्याची पोचली, निघाल्याची पोचली नाही. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची, मन बिघडलं तर लगेच सांगायचं, एवढंच.

एक गोष्ट मात्र कोयनाकाठ ताईंनी जरूर घालावी. क्लोझापिन किंवा ओलान्झापिन ही मानसिक आजाराची औषधं चालू असलेल्या माणसानं विडी-सिगारेट सोडली तर रक्तातलं औषध वाढतं, कारण धुरामुळे यकृत ते औषध भराभर संपवत असतं आणि धूर थांबला की तो वेग उतरतो. डोस बदलावा लागू शकतो. हे काम धुराचं, निकोटीनचं नाही, म्हणजे तंबाखू चघळणाऱ्याला हा प्रश्न नाही. एका ओळीत लिहा: 'मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर विडी सोडताय हे डॉक्टरांना आधी सांगा.'

जतची_गटप्रवर्तक
सगळे विडी-सिगारेटचं बोलताय म्हणून मध्ये पडते. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूर ओढणारे 3.8 टक्के आणि बिनधुराची तंबाखू खाणारे 24.4 टक्के निघाले. आमच्या भागात बायका सकाळी चुलीपुढं बसून मिश्री लावतात. तव्यावर भाजलेली तंबाखू, डबीत भरलेली, उंबऱ्यावर बसून दातांना. मिश्री सोडली की त्यांचंही डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, मन लागत नाही. त्यांना कुणी मेसेज पाठवत नाही, कारण नावावर फोनच नाही. फोन नवऱ्याचा, नाहीतर पोराच्या ऑनलाईन शाळेपासून पोराकडं राहिलेला.

आणि ताई, हाच मुद्दा तुमच्या कामगारांना उलट्या बाजूनं लागू आहे. घरातला फोन चौघं बघतात. 'जगणं नकोसं वाटतंय का' हा मेसेज स्क्रीनवर झळकला आणि आधी बायकोनं नाहीतर आईनं वाचला तर घरात हलकल्लोळ होईल. पहिल्या ओळीत काय दिसतं त्याचा विचार करा.

भडंग_स्पेशल
आमच्या आजीची मिश्री मी लहानपणी काळी दंतमंजन समजून लावली होती. शाळेत न जाता दिवसभर कॉटवर. त्यानंतर आयुष्यात तंबाखूला शिवलो नाही. हा मेसेज पाठवा सगळ्यांना.

टॉवरखाली
पोटापाण्यासाठी मी बल्क मेसेजचंच काम करतो, म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी.

एक. मराठी मेसेज 70 अक्षरांचा. इंग्रजी लिपीत 160 मिळतात, देवनागरीत 70, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायचं हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. त्यापुढे गेलात की दोन मेसेजचे पैसे. त्यामुळे लिहायचं ते मोजून.

दोन. ट्रायच्या, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या, 2018 च्या नियमांनंतर प्रत्येक मजकुराचा साचा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. म्हणजे कुणी खचल्यासारखं दिसलं की 'आता काहीतरी लिहून पाठवू' हे चालणार नाही. जे पाठवायचं ते आजच ठरवा.

तीन, आणि हा खरा मुद्दा. हे मेसेज ज्या नावानं येतात त्याला उत्तर देता येत नाही. इंग्रजी अक्षरांचं ते सहा अक्षरी नाव असतं ना, त्याला तुम्ही 'लई त्रास होतोय' लिहून पाठवलंत तर ते कुठंच पोचत नाही. तुमचा मेसेज विचारतोय 'आज कसं वाटतंय?' आणि माणूस खरंच सांगायला जातो. पलीकडं कुणी नाही. माझ्या मते हा सगळ्यात वाईट प्रकार. एकतर उत्तर वाचणारा माणूस नेमा आणि वेगळा नंबर घ्या, नाहीतर विचारूच नका.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा स्मोकफ्रीटेक्स्ट म्हणून कार्यक्रम आहे, तिथं उलट मेसेज करता येतो. तलफेसाठी क्रेव्ह, मन बिघडलं तर मूड, पुन्हा ओढली तर स्लिप, असे शब्द पाठवले की त्यानुसार उत्तर येतं. पण तेही यंत्रच. त्यांच्याकडे 2022 पासून 988 हा संकटाचा नंबर आहे, तिकडं पाठवायची सोय आहे. आपल्याकडे त्या जागी 14416.

अजिंक्यतारा_पायथा
यंत्राला शब्द ओळखायला लावा की मग. 'मरण', 'जीव' असे शब्द आले की घंटा वाजली पाहिजे.

टॉवरखाली
दादा, आपल्याकडे? 'आज तलफेनं जीव गेला', 'मेलो आज, साहेबानं डबल पाळी लावली', 'मरू दे ती विडी'. दिवसभर घंटाच वाजत बसेल. आणि ज्याचं खरंच बिनसलंय तो लिहिणार, 'काय नाय, बरंय.' वर ही मंडळी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, एकेक शब्द चार प्रकारे. घंटा मदतनीस म्हणून ठेवा, राखणदार म्हणून नको.

भडंग_स्पेशल
'मरू दे ती विडी' हा मेसेज वाचून विडीच्याच घरी समुपदेशक जायचा.

द्राक्षवाला
तासगाव भागातला आहे, बागाईतदार. मला या सगळ्याबद्दल थोडी चीड आहे ती मोकळी करतो.

नंबर दिला की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. बँकेचं पत्र येतं त्यावर नंबर, औषधाच्या डब्यावर नंबर, तंबाखूच्या पुडीवर 2018 पासून 1800-11-2356 छापलाय तो नंबर. कोण लावतं? रात्री दीड वाजता अवकाळी पडतोय, फुलोऱ्यातली बाग समोर झडतेय, त्या वेळी माणूस बंगलीच्या ओट्यावर बसून एकापाठोपाठ एक ओढतो. तेव्हा मेसेज कामाचा नाही. त्या वेळी शेजारच्या बागेतला माणूस बॅटरी घेऊन येऊन बसतो, तो कामाचा. आमच्या वस्तीवर आम्ही ठरवून तसं करतो. गारपीट झाली की दुसऱ्या दिवशी पंचनाम्याच्या आधी एकमेकांच्या घरी चक्कर. आणि ज्याचं डोकं ठिकाणावर नाही असं वाटतं त्याच्या फवारणीच्या औषधांची खोली काही दिवस कुलूपबंद, किल्ली भावाकडं नाहीतर आमच्याकडं. कुणी काही विचारत नाही, कुणी रागवत नाही.

ताई, तुमच्या कारखान्यात हंगामाचंही बघा. गळीत चालू असताना बारा-बारा तास पाळी, रात्रपाळीत जागं राहायला विडी. हंगाम संपला की हंगामी कामगाराचा पूर्ण पगार बंद, हातात रिटेन्शनचे, म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत धरून ठेवायचे, थोडके पैसे, आणि सोसायटीचा हप्ता तोच. 'सोडायची तारीख' त्या आठवड्यात टाकली तर उदास वाटणारच, त्याला निकोटीन बिचारं काय करणार.

कोयनाकाठ
@द्राक्षवाला, हंगामाचं माझ्या लक्षातच आणून दिलं नव्हतं कुणी. नोंदणी फॉर्मवर तारीख कामगारानं निवडायची असली तरी पोस्टरवर आम्ही 'नवा महिना, नवी सुरुवात' करून ठेवलंय. ते बघते.

@टॉवरखाली, उत्तर वाचणारा माणूस नाही. एजन्सी म्हणते परवडणार नाही.

मिरजेचा_डॉक्टर
@द्राक्षवाला, तुमच्या वस्तीवरची किल्लीची पद्धत हा आत्महत्या रोखण्याचा जगभरात सगळ्यात भरवशाचा मानला जाणारा उपाय आहे. जीव द्यायची तीव्र ऊर्मी बहुतेक वेळा थोडा वेळ टिकते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणं आणि माणूस हाताशी असणं, याचा फार उपयोग होतो.

पण नंबरला एवढं मोडीत काढू नका. पुडीवरचा 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा. 2016 मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत सुरू झाला. सकाळी 8 ते रात्री 8, सोमवारी सुट्टी. तिथं समुपदेशक चांगले असतात, पुढे पुन्हा फोन करून चौकशी करतात. मात्र तुमच्या दीड वाजताच्या माणसाला तो लागणार नाही. 14416 म्हणजे टेली मानस, ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाला, चोवीस तास, पैसे नाहीत, मराठीत बोलता येतं. 1800-891-4416 हाही त्यांचाच. दोन नंबर दोन कामांचे. पुष्कळ ठिकाणी पहिलाच नंबर दोन्हीसाठी छापतात, ती खरी चूक.

वकीलकाकू
वाईहून. साहेबांच्या मनात कदाचित आणखी एक भीती असेल, ती अशी की कामगारानं काही लिहून कळवलं तर पोलीस केस, कारखान्यावर बालंट. म्हणून कायद्याचं सांगते.

जीव द्यावासा वाटतो असं सांगणं हा गुन्हा नव्हता आणि नाही. प्रयत्न करणाऱ्यावर पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 309 लागायचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, जो 29 मे 2018 पासून लागू झाला, त्याच्या कलम 115 नं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं आणि त्याच्या उपचाराची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुनं 309 नाही. सरकारी नोकराला काम करायला लावण्यासाठी किंवा रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम 226 मध्ये गुन्हा राहिलाय. दवाखान्यातून पोलिसांना कळवतात, नोंद होते, त्याला घाबरून पेशंट घरी ठेवू नये. अजूनही लोक ठेवतात म्हणून लिहिलं.

कारखान्यानं मात्र एक पाळावं. कोण काय म्हणाला ते हजेरी बघणाऱ्या टाईम ऑफिसपर्यंत पोचता कामा नये. 'ह्याचं डोकं ठीक नाही' म्हणून बॉयलरवरून हलवला असं एकदा झालं की पुढे कुणीही तोंड उघडणार नाही.

विट्याचा_पाव्हणा
धागा दोन दिवस वाचतोय. लिहू का नको करत होतो. मी पण सोडलीय, काही आठवडे झाले. सगळे म्हणतात तलफ जाते, तलफ गेली पण. बाकी काहीच उरलं नाही असं वाटतंय. दुकान उघडतो, बसतो, बंद करतो. डॉक्टर म्हणतात दोन-चार आठवड्यात बरं वाटतं, मला उलटं होत चाललंय. असू दे. तुमचं चालू द्या.

भडंग_स्पेशल
पाव्हणं, आमचं चालू राहील, पळून जात नाही. तुमचं बोला. जेवलात का आज?

वकीलकाकू
पाव्हणे, सरळ विचारते, राग मानू नका. जीव द्यावा असं मनात येतं का?

विट्याचा_पाव्हणा
येतं काकू. करणार नाही. पण येतं. रात्री जास्त.

मिरजेचा_डॉक्टर
सांगितलंत ते फार बरं केलंत. हे नुसतं निकोटीन सुटण्याचं नाही. इतके आठवडे होऊनही मन उतरतच चाललंय म्हणजे नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत, चांगला गुण येतो. आत्ता दोन गोष्टी करा. घरात जे कुणी जागं असेल त्याला हेच वाक्य सांगा, 'माझ्या मनात असं येतंय, आज रात्री माझ्याजवळ थांब.' आणि 14416 लावा, आत्ता. विचार अंगावर येतोय, हातून काही होईल असं वाटलं तर 112, किंवा घरच्यांना घेऊन सरळ सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात. उद्या मानसोपचार विभागात जा, सांगली-मिरजेला सरकारी दवाखान्यात तो आहे. काय बोलायचं ते सुचलं नाही तर वरची तुमची पोस्ट डॉक्टरांना वाचून दाखवा. आणि 'मग परत ओढतो' असं मनात आलं तर तो निर्णय आज नको.

द्राक्षवाला
भावा, विट्यात कुठं आहेस? मी अर्ध्या-पाऊण तासात पोचतो. आडवळणानं सांगत नाही. निरोपात नंबर टाकलाय, घंटी दे.

अॅडमिन
पाव्हणे, तुम्हाला निरोप पाठवला आहे, तो जरूर बघा. इतरांना विनंती: काळजीनं बोला, पण मार्ग आणि साधनं यांची चर्चा इथं नको, आणि 'धीर धरा, सगळ्यांनाच असतं' असलं आज तरी लिहू नका.

विट्याचा_पाव्हणा
बायकोला उठवलं. द्राक्षवाल्यांशी बोललो, येऊ नका म्हणालो, बायको आहे. 14416 लावला. आधी भाषा निवडायला सांगतात, मग माणूस येतो. बाई होत्या. तंबाखूचं विचारलं, दुकानाचं विचारलं, झोपेचं विचारलं. उद्या मिरजेला जातोय, मेव्हणा येणार आहे बरोबर. झोपतो.

अजिंक्यतारा_पायथा
कोयनाकाठ, माझं वरचं मत मागे. मेसेज घाला. मला मरणाचं वाचायला आवडलं नसतं हे अजूनही खरं आहे, पण तो मेसेज माझ्यासाठी नसता.

कोयनाकाठ
कच्चा मजकूर टाकते. तुटून पडा.

'मन फार जड झालंय? 14416 ला फोन करा. मोफत, दिवसरात्र, मराठीत.'

अक्षरं मोजली, 59 भरली. 'आत्महत्या' शब्द मुद्दाम टाळलाय, जतच्या ताईंनी सांगितलेल्या स्क्रीनच्या भानगडीमुळे.

टॉवरखाली
एका मेसेजात बसलं, छान. पण 'या मेसेजला उत्तर कोणी वाचत नाही' हेही घाला. ती 31 अक्षरं. मिळून 70 च्या पुढे, म्हणजे दोन मेसेजचे पैसे. एजन्सी कुरकुर करेल, करू दे.

जतची_गटप्रवर्तक
'मन जड' सगळ्यांना कळतं. आमच्या बायका 'जीव लागत नाही' म्हणतात, तेही चालेल. पण ताई, थेट शब्द कुठंतरी हवाच. मेसेजात नसेल तर नाव नोंदवून घेणाऱ्या माणसाच्या तोंडात हवा. काकूंनी विचारला तसा.

मिरजेचा_डॉक्टर
सहमत. नोंदणीच्या वेळी समोरासमोर दोन प्रश्न: आधी कधी नैराश्याचा त्रास किंवा उपचार? जीव द्यावासा वाटलं होतं का, हल्ली वाटतं का? हो म्हणाला तर मेसेज बंद करायचे नाहीत, मेसेजबरोबर डॉक्टर जोडून द्यायचा. तंबाखू सोडायला नाही म्हणायचं नाही, अशा माणसांनाही सोडायची असते आणि सोडताही येते. दारूचंही विचारा. विडी सुटली आणि क्वार्टर वाढली असं फार बघतो.

मेसेजचा उपयोग होतो का अशी शंका साहेबांनी काढली तर सांगा. 2011 साली ब्रिटनमध्ये 5,800 ओढणाऱ्यांवर चाचणी झाली. सहा महिन्यांनी तपासणी करून खात्री केलेले सोडलेले, सोडायला मदत करणारे मेसेज मिळणाऱ्यांत 10.7 टक्के, त्याच्याशी संबंध नसलेले साधे मेसेज मिळणाऱ्यांत 4.9. दुपटीहून जास्त. पण शंभरातल्या नव्वदांची सुटली नाही हेही त्याच आकड्यात आहे.

द्राक्षवाला
त्या नव्वदांचं काय? त्यांना दोन महिन्यांनी काय मेसेज जातो?

कोयनाकाठ
शेवटच्या दिवशी सगळ्यांना एकच: 'अभिनंदन! तुम्ही जिंकलात.'

अजिंक्यतारा_पायथा
तो काढा आधी. मला आला होता तसलाच एक. तेव्हा मी टपरीवर उभा होतो, हातात पेटलेली. इतकी लाज वाटली की पुढे कितीतरी महिने कुणाला सांगितलं नाही की परत सुरू झालीय.

मिरजेचा_डॉक्टर
आधीच खचलेल्या माणसाला हीच लाज जास्त घातक असते, तलफेपेक्षा.

कोयनाकाठ
काढला. त्या जागी 'पुन्हा ओढली तरी चालेल, नवी तारीख ठरवू.' एवढं लिहिते. आणि आठवा, एकविसावा, पस्तिसावा दिवस अशा तीन दिवशी 14416 चा मेसेज, संध्याकाळच्या पाळीच्या सुट्टीनंतर. नोंदणीचे दोन प्रश्न कारखान्याच्या कंपाउंडरकडे द्यायचे ठरतंय, टाईम ऑफिसकडे नाही. साहेबांपुढे सोमवारी ठेवते.

वकीलकाकू
'चालेल' नको गं, परवानगी दिल्यासारखं होतं. 'पुन्हा ओढली? होतं असं. नवी तारीख ठरवू.'

टॉवरखाली
38 अक्षरं. एका मेसेजात बसतं.